तासाला टॉवेल किती? सोलापूरच्या कारखान्यात नव्याने लागलेल्यांसाठी उत्पादकतेचा हिशेब

अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा चिंचोळीत टॉवेलच्या कारखान्यात नवीन पोरगा प्रॉडक्शनला लागला, की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच मालक त्याला केबिनमध्ये बोलावतात. "माग ऑटोमॅटिक घेतले, कर्ज काढलं. आता माणसामागे माल किती निघतो ते काढून दे." पोरगा डिप्लोमा झालेला असतो. संध्याकाळी मागांच्या पॅनेलवरचे आकडे उतरवतो, विणकरांच्या संख्येने भागतो आणि कागद टेबलावर ठेवतो. मालक खूश होतात. आकडा मात्र चुकलेला असतो.

हे मी खात्रीने सांगतो, कारण माझा पहिला कागद असाच होता. त्याची गोष्ट पुढे येईलच.

कामगार-उत्पादकता म्हणजे साधा भागाकार. वर निघालेला माल, खाली त्यासाठी लागलेले माणसांचे तास. भाज्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, गडबड बहुतेक वेळा भाजकात होते. माग आपोआप चालू लागला म्हणून माणूस नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे सरकतो. साध्या मागावर एकेका माणसामागे दोन-चार माग असायचे आणि कांड्या (आडव्या सुताच्या नळ्या) भरायला बाई असायची. रॅपियर (बिनकांडीचा ऑटोमॅटिक माग) आला, कांडी गेली, पण मेंडिंगच्या (कापडातले दोष दुरुस्त करण्याच्या) टेबलावर, शिवणीत, पॅकिंगला, पॅनेल दुरुस्तीला माणसं आहेतच. त्यांचे तास सोडून केलेला हिशेब मागाची जाहिरात करायला बरा.

पहिली पायरी : काय मोजायचं ते ठरवा

नग, किलो, मीटर की पिक (बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा)? आपल्याकडे मालक मंडळी किलोत बोलतात, कारण सूत किलोने येतं. पण किलोचा हिशेब जड मालाला झुकतं माप देतो. तीस बाय साठ इंचाचा अंगपुसणी टॉवेल ४०० जीएसएमचा (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) असेल तर सुमारे ४६५ ग्रॅम भरतो. त्याच जीएसएमचा सोळा बाय चोवीसचा नॅपकिन जेमतेम ९९ ग्रॅम. म्हणजे वजनात एक टॉवेल जवळजवळ पावणेपाच नॅपकिन. पण नॅपकिनलाही चार कडा असतात, त्यालाही दुमडून शिवावं लागतं, लेबल लावावं लागतं, घडी घालावी लागते. या आठवड्यात नॅपकिनची ऑर्डर असेल तर किलोच्या हिशेबात सगळा कारखाना आळशी दिसेल. नगाच्या हिशेबात उलट होईल, सगळे एकदम वाघ.

यावर उपाय एकच, तोही कंटाळवाणा. घड्याळ घेऊन बसा आणि एका नगाला सगळ्या खात्यांत मिळून किती माणूस-मिनिटं लागतात ते मोजा. समजा टॉवेलला ९ मिनिटं आली आणि नॅपकिनला ४. मग ९०० नॅपकिन म्हणजे ४०० टॉवेल, असं धरून सगळा माल 'टॉवेलच्या भाषेत' आणायचा. चादर करत असाल तर तिचीही अशीच मिनिटं काढा. जॅकार्डच्या चादरीला डिझाइन बदलताना जाणारा वेळ वेगळा लिहा, तो नगात मिसळू नका.

आणखी एक. माल मोजायचा तो एकाच दारावर. मी पॅकिंगचं दार धरतो. मागावर विणलेला माल अजून टॉवेल झालेला नसतो, तो कापडाचा रोल असतो. पास झालेला, घडी घातलेला, पेटीत गेलेला नगच मोजा. सेकंड, म्हणजे दोष निघालेला माल, वेगळा लिहा, कारण तो बाजारात वजनावर जातो आणि त्याला पहिल्या दर्जाचं मोल येत नाही.

दुसरी पायरी : मागाची पूर्ण ताकद किती ते काढा

हे नव्या माणसाला अवघड वाटतं, पण चौथीतलं गणित आहे. माग मिनिटाला ३०० फेरे करतो. एका फेऱ्याला एक पिक. आठ तासांत ३०० गुणिले ६० गुणिले ८, म्हणजे १,४४,००० पिक. टॉवेलला इंचाला ४५ पिक आणि लांबी ६० इंच, तर एका टॉवेलला २,७०० पिक. भागाकार ५३ आणि थोडं. रुंदीत तीन टॉवेल शेजारी-शेजारी विणत असाल तर एका मागावर एका पाळीत १६० टॉवेल. आटणं, कडा, मधली मोकळी जागा सध्या बाजूला ठेवली आहे. ती तुमच्या मालाप्रमाणे वजा करा.

हे झालं माग एक क्षणही न थांबता चालला तर. तो थांबतोच. ताण्याचा (उभा) धागा तुटतो, बाणा संपतो, भीम (ताण्याचा रूळ) संपतो, लाइट जाते. माग ऐंशी टक्के चालला तर १२८ टॉवेल. ही ऐंशी टक्के झाली मागाची कार्यक्षमता. ती महत्त्वाची आहे, पण ती उत्पादकता नव्हे. माग किती वेळ चालला हा एक प्रश्न, माणसाच्या तासातून काय निघालं हा दुसरा. मीटिंगमध्ये लोक दोन्ही एकाच श्वासात बोलतात, तुम्ही वहीत दोन वेगळी पानं ठेवा.

पॅनेलवरच्या टक्क्यांवर डोळे झाकून विसंबू नका. भीम बदलताना माग बंद करून ठेवला, तर काही ठिकाणी तो वेळ पॅनेलच्या हिशेबातच येत नाही. सेटिंग काय केलंय ते फिटरला विचारा. महिन्यातून एकदा पॅनेलचे पिक आणि चेकिंगला आलेले नग ताडून बघा. फरक मोठा निघाला तर आधी तो शोधा, मग पुढचं.

तिसरी पायरी : तास गोळा करा, सगळ्यांचे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आठ रॅपियर, दोन पाळ्या आणि बाकी खाती बहुतेक एकाच पाळीत, असा लहान कारखाना उदाहरणाला घेऊ. आकडे माझे, समजावण्यापुरते. एका दिवसाचे तास असे :

विणकर, माणशी चार माग : ३२
फिटर : १६
वार्पिंग (ताणा गुंडाळणं), भीम चढवणं, धागे जोडणं : १६
चेकिंग आणि मेंडिंग : ३२
कटिंग : २४
शिवण : ११२
पॅकिंग : ३२
इलेक्ट्रिशियन : ८
सुपरवायझर : १६
हमाली, साफसफाई : १६

बेरीज ३०४. मागांवरून उतरले आठ माग गुणिले दोन पाळ्या गुणिले १२८, म्हणजे २,०४८ टॉवेल. पॅकिंगला पास होऊन आले १,९७६. भागा. तासाला साडेसहा टॉवेल.

आता हाच कारखाना नुसत्या विणकरांच्या तासांनी भागून बघा. २,०४८ भागिले ३२, तासाला चौसष्ट! एकाच दिवसाचे दोन आकडे, साडेसहा आणि चौसष्ट. नवीन पोराच्या कागदावर यातला कोणता येतो ते सांगायला नको.

ठेकेदाराची माणसं धरायची का? धरायचीच. मस्टरवर नाव नसलं तरी हात त्यांचेच लागतात. वॉचमन, ऑफिसमधला क्लार्क यांचं काय, यावर मी वाद घालत नाही. धरा किंवा सोडा, पण एकदा ठरवलं की वर्षभर तेच. मधेच बदललंत तर मागचे सगळे कागद रद्दीत गेले म्हणून समजा.

तास म्हणजे पगाराचे की कामाचे, हाही घोळ असतो. पगारात साप्ताहिक सुट्टी येते, भरपगारी रजा येते. उत्पादकतेला प्रत्यक्ष कामाचे तास लागतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या छत्राखाली २००८ मध्ये श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने याची व्याख्या ठरवून दिली आहे. जेवणाची सुट्टी वजा, रजा वजा, घरून येण्या-जाण्याचा वेळ वजा. पण चहाची छोटी सुट्टी धरायची, आणि लाइट गेली किंवा सूत आलं नाही म्हणून माणूस जागेवर बसून राहिला तो वेळही धरायचा. शेवटचा मुद्दा मालकांना पटत नाही. "बसलेल्याचे तास कशाला?" कारण तो हजर होता आणि सूत वेळेवर आणणं त्याच्या हातात नव्हतं. ते तास वजा केले तर सूत उशिरा आल्याचं नुकसान कागदावर कुठेच दिसणार नाही. ओव्हरटाइमचे तासही एकपटच मोजा. पैसे दुप्पट मिळतात, तास दुप्पट होत नाहीत.

माझा पहिला कागद

त्या कारखान्याचं नाव नको. वर लिहिलंय तसलाच होता. मी विणकरांचा आकडा काढला, चौसष्ट. मालक म्हणाले, एका माणसाला आठ माग दिले तर? पोरं चलाख आहेत, माग आपोआप थांबतो, दिवा लागतो, जाऊन धागा जोडायचा एवढंच तर काम. कागदावर मला काहीच अडचण दिसली नाही. विणकर निम्मे केले. महिन्याने मी पुन्हा भागाकार केला. विणकराच्या तासाला ११८ टॉवेल! चौसष्टचे जवळजवळ दुप्पट झाले होते. मला पगारवाढ मिळाली, हे लिहायला आज लाज वाटते.

झालं होतं असं. एका माणसाकडे आठ माग असले की दोन माग एकदम थांबतात. तो एकाचा धागा जोडेपर्यंत दुसरा दिवा लावून उभा राहतो. मागांची कार्यक्षमता ऐंशीवरून चौऱ्याहत्तरवर आली. मागामागे पाळीला १२८ ऐवजी ११८ टॉवेल. दिवसाला २,०४८ ऐवजी १,८९४. तेवढ्याच प्रमाणात सेकंड धरला तर पास १,८२८. तास कमी झाले किती, तर फक्त सोळा. शिवण, कटिंग, पॅकिंगची माणसं तेवढीच, ती कमी मालावर हात चोळत बसली. १,८२८ भागिले २८८, म्हणजे ६.३५. पूर्वी साडेसहा होते. विणकराचा आकडा जवळजवळ दुप्पट आणि कारखान्याचा आकडा खाली.

हे मला कळलं शिवणीतल्या एका अक्कांमुळे. त्या जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, "साहेब, तुमचे माग लई पळतात म्हणता, मग आमच्याकडं माल का कमी यायलाय?" मी गप्प. त्यांच्याकडे वही नव्हती, पण समोरचा ढीग त्यांना दिसत होता.

म्हणून माझी सवय अशी : खात्याचा आकडा काढायला हरकत नाही, पण त्याच्या शेजारी संपूर्ण कारखान्याचा आकडा लिहिल्याशिवाय कागद केबिनमध्ये न्यायचा नाही.

चौथी पायरी : यंत्राचं श्रेय यंत्राला

समजा लांब कडा आपोआप शिवणारं मशीन घेतलं. कटिंग-शिवणीत सतरा माणसं होती, ती नऊ झाली. वर मशीन सांभाळायला एक टेक्निशियन. ३०४ मधून ६४ तास गेले, ८ वाढले, राहिले २४८. तेवढाच माल, १,९७६. तासाला आठच्या जरासं खाली. बावीस-तेवीस टक्के वाढ.

ही वाढ खरी आहे, पण ती कुणाच्या मेहनतीची नाही. उरलेली बाई तेवढ्याच वेगाने काम करते. वाढ मशीनची, म्हणजे त्यात घातलेल्या पैशाची. तेव्हा शेजारच्या रकान्यात मशीनचा हप्ता, वीज आणि दुरुस्ती दर टॉवेलमागे किती पडते तेही लिहा. मजुरीत वाचलेल्यापेक्षा हप्ता जड असेल तर उत्पादकता वाढूनही टॉवेल महाग पडतो. तसंच उलटं. सुताचा लॉट खराब आला, धागे सारखे तुटले आणि आकडा पडला, तर त्याचं खापर विणकरावर फोडू नका. या आकड्यावरून पीस रेट (नगामागची मजुरी) कापण्याचा मोह अनेकांना होतो. तो आकडा त्यासाठी नसतोच.

पाचवी पायरी : पैशात मोजून बघा

टॉवेल मोजून सगळं कळत नाही. शिवण बाहेर दिली तर काय होतं बघा. विडी घरकुलात किंवा गावात घरोघरी शिलाई मशीन चालवणाऱ्या बाया आहेत, त्यांना काम दिलं. कारखान्यातले ११२ तास गेले, उरले १९२. १,९७६ भागिले १९२, तासाला १०.३. साडेसहावरून दहाच्या वर, अठ्ठावन्न टक्के वाढ, एकही मशीन न घेता! अर्थात जादू काही नाही, तेच टाके तेच हात घालताहेत, फक्त भिंतीच्या पलीकडे.

अशा वेळी मूल्यवर्धन काढा. विक्रीतून सूत, रंग, वीज, पॅकिंगचं सामान आणि बाहेर दिलेल्या कामाचे पैसे वजा करायचे, जे राहील ते आपण आपल्या छपराखाली घातलेलं मोल. टॉवेलमागे हे ४० रुपये राहत असतील तर १,९७६ नगांचे ७९,०४० रुपये, भागिले ३०४, तासाला २६० रुपये. शिवण बाहेर देऊन नगाला ८ रुपये मोजले, तर ३२ रुपये राहिले. ६३,२३२ भागिले १९२, तासाला ३२९. वाढ सत्तावीस टक्के. नगांच्या हिशेबातला फुगवटा निम्म्याहून खाली आला. उरलेली वाढही बाहेरच्या बाईला तासाला पैसे कमी पडतात म्हणून दिसते, हे मालकांना सांगायचं की नाही ते तुमच्या नोकरीच्या वयावर अवलंबून आहे. मी सांगतो.

सरकारचं वार्षिक उद्योग सर्वेक्षणही कारखान्यांचं मूल्यवर्धन आणि कामाचे माणूस-दिवस गोळा करतं, त्यामुळे पुढेमागे तुमचा कारखाना त्या आकड्यांशी ताडून बघायचा झाला तर हीच पद्धत उपयोगी पडेल. दोन वर्षांची तुलना करताना मात्र सुताचा आणि मालाचा भाव एकाच वर्षाचा धरा. नाहीतर कापूस महागला की कामगार एका रात्रीत नालायक ठरतात.

सहावी पायरी : दिवस नको, आठवडा बघा

एका दिवसाचा आकडा लहरी असतो. आज विणलेलं परवा शिवलं जातं. सोमवारी आणि शनिवारी शिवणीपुढचे ढीग मोजून ठेवा. ढीग वाढत असेल तर पॅकिंगचा आकडा कमी येणारच, ती माणसांची चूक नाही.

सोलापूरचं स्वतःचं पंचांग असतं. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ, मे महिन्यात लग्नसराई. खाडे वाढतात. खाड्याने तासही कमी होतात आणि मालही, म्हणून आकडा फारसा हलू नये असं वाटतं, पण हलतो. फिटर नसला तर विणकर नुसता उभा असतो. जानेवारीची तुलना गेल्या जानेवारीशी करा, डिसेंबरशी नको.

उन्हाळ्याचं वेगळं. सुती धाग्याला विणताना पंचाहत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता हवी असते, आणि आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठणठणीत. धागा ठिसूळ होतो, माग सारखा थांबतो. शेडमध्ये आर्द्रतेचं मीटर नसेल तर लावून घ्या आणि रोज दुपारी तीनचा आकडा त्याच वहीत लिहा. मागे एकदा दोन महिने 'दुपारची पाळी ढिली आहे' म्हणून बोलणी खाल्लेल्या पोरांची सुटका या एका रकान्याने केली. शेडमध्ये ओलावा सोडणारे फवारे चोंदले होते.

मोजायला उभं राहण्याआधी

घड्याळ घेऊन कुणाच्या मागे जाऊन उभं राहू नका. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून या गावाने भोंगा, मस्टर, मुकादम सगळं पाहिलंय. घड्याळ दिसलं की आता रेट कापणार, हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. आधी बोला. काय मोजणार, कशासाठी, कागद कुणाला दाखवणार, सगळं सांगा. निम्म्या शेडमध्ये घरची भाषा तेलुगू असते, तेव्हा फळा मराठीत आणि तेलुगूत दोन्ही लिहा, लिहून द्यायला कुणीतरी अण्णा आनंदाने तयार होतात. आणि मोजताना हळू काम करणाऱ्यालाही मोजा, चपळ हाताची तेवढी मिनिटं धरून सगळ्यांचं माप ठरवू नका.

पहिल्यांदा मिनिटं मोजायला गेलो तेव्हा त्याच अक्का म्हणाल्या होत्या, "टाके मोजताय तर सुई मोडती ते बी लिवा की." मी हसलो होतो. आता लिहितो. माझ्या वहीत 'सुई, दोरा, लाइट, वाट बघणं' असा एक जाड रकाना असतो आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्यात आधी मी तोच वाचतो.